टिकंल का बे?

सोलापुरात वस्तू घेताना भावाचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न एकच, "टिकंल का?" हा गुण म्हणा, खोड म्हणा, ती आम्हाला चादरीनं लावली. रुखवतात आलेली चादर नातवंडाच्या बारशाला पाहुण्यांच्या अंगावर असते. पुढं ती इस्त्रीच्या टेबलावर जाते, तिथून माळ्यावरच्या भांड्यांवर, आणि शेवटी मोटरसायकल पुसायच्या कामी येते तेव्हाही तिच्यावरचा मोर ओळखू येतो. भौगोलिक मानांकन मिळवलेल्या या चादरीनं गावाचं नाव केलं आणि बाकीच्या सगळ्या धंद्यांची पंचाईत करून ठेवली. सोलापूरकर मिक्सर, पाण्याची मोटार, जावई आणि मदरबोर्ड एकाच मापानं मोजतो. चादर निदान दोन्ही हातांनी ताणून बघता येते. जावयाची त्याच्या गल्लीत चौकशी करता येते. मदरबोर्डाचं काय करायचं? तो खोक्यात असतो, खोकं सीलबंद असतं, आणि सील फोडलं की तो आपला झालेला असतो.

कॉम्प्युटरच्या पेटीतली ही सगळ्यांत मोठी, सपाट पाटी. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळे हिच्याच अंगाखांद्यावर. यांतलं एखादं बिघडलं तर तेवढं काढून दुसरं बसवता येतं. बोर्ड गेला की सगळ्या बिऱ्हाडाला बाहेर यावं लागतं, आणि नवा बोर्ड घ्यायला जावं तर कळतं की जुना प्रोसेसर नव्या बोर्डावर बसत नाही, जुनी रॅमही बसत नाही. बसतात फक्त पेटी, डिस्क आणि माउस. म्हणून बोर्ड घेताना भलेभले दचकतात.

आमचा जुना बोर्ड वळवाच्या पावसात गेला. वीज आकाशातली, पण घरात आली ती इंटरनेटच्या केबलमधून. ही केबल चार घरांच्या गच्च्यांवरून, दोन पाण्याच्या टाक्यांना वेढे घालून आमच्या खिडकीत उतरते. ढग गडगडले की आधी दोरीवरचे कपडे काढावेत की कॉम्प्युटरची केबल, यावर आमच्या घरात एकमत नाही. त्या दिवशी कपडे वाचले.

पेटीचं बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच. "डिस्प्ले येत नाही" हे तीन शब्द उच्चारले की सोलापुरातला कुठलाही माणूस, त्याचा धंदा कोणताही असो, एकच उपाय सांगतो : रॅम काढा आणि खोडरबरानं घासा. गल्लीतला पोरगा कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन हजर झाला. रॅमचे पिवळे दात घासले, फुंकर मारली, परत बसवली. हा उपाय इतक्या वेळा लागू पडतो की त्याला अंधश्रद्धाही म्हणता येत नाही. या वेळी लागू पडला नाही, एवढंच.

मग पेटी पूर्ण उघडली. आत सोलापूरचा अख्खा पूर्व भाग, म्हणजे यंत्रमागांची सगळी वस्ती होती. यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांना तूस म्हणजे काय ते सांगायला नको. सुताचा तो बारीक केसाळ धुरळा प्रोसेसरच्या पंख्यावर इतका सलग बसला होता की बोटानं टोक धरून अख्खा थर सोलून काढता आला. हीटसिंकच्या पात्यांमध्ये दसऱ्याच्या पूजेचं कुंकू. आम्ही खंडेनवमीला मागाची पूजा करतो, लेथ मशीनची करतो, मग कॉम्प्युटरनं काय पाप केलंय? एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी, दोन्ही फुटलेली, म्हणजे बाळंतपण सुखरूप पार पडलेलं. आणि प्रोसेसरच्या शेजारी उभे असलेले काही कपॅसिटर डोक्यावरच्या फुलीपाशी टरारून फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. ती फुली कंपनीच मारून ठेवते. कपॅसिटरला फुटायचंच असेल तर तिथून फुटावं, चहूबाजूंनी फुटू नये म्हणून. वीज निमित्तमात्र होती. बोर्ड आधीच टेकीला आला होता.

आता नवा कुठला घ्यायचा? हा प्रश्न मी चहाच्या गाड्यावर मोठ्यानं विचारला, आणि संध्याकाळपर्यंत साक्षीदारांची रांग लागली.

दाजी पेठेतले सूतवाले अण्णा पहिले आले. त्यांच्या गादीशेजारी जी31 जमान्यातला कॉम्प्युटर आहे. त्यावर टॅली चालतं, दुसरं काही चालत नाही, कोणी चालवायला जात नाही. "इंटेलचा ओरिजिनल बोर्ड हाय," अण्णा म्हणाले. "मी त्याला हात लावत नाही, तो मला लावत नाही. डोळे झाकून त्याच कंपनीचा घ्या." सल्ला सोन्यासारखा होता, अडचण एकच : डेस्कटॉपचे बोर्ड बनवणं थांबवत असल्याचं इंटेलनं जानेवारी 2013 मध्येच जाहीर करून टाकलंय. म्हणजे आमच्या ओळखीतली सगळ्यांत भरवशाची कंपनी ही दुकान आवरून गेलेली कंपनी. याचा अर्थ लावत बसलो तर बराच लागतो.

दुसरा साक्षीदार हिंजवडीचा भाचा. त्यानं फोनवर विचारलं, "मामा, व्हीआरएम किती फेजचा आहे बघितलंत का? चौदा अधिक दोन पाहिजेत." पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, म्हणजे एसएमपीएसकडून, येणारे बारा व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण एक व्होल्ट भरवायचं काम हा व्हीआरएम करतो. फेज जास्त तेवढा भार वाटला जातो आणि बोर्ड कमी तापतो, हे सगळं खरं. पण मला लेख टाइप करायचे असतात. माझा टायपिंगचा वेग पाहता प्रोसेसरला अधूनमधून डुलकी काढायलाही वेळ मिळतो.

तिसरे शेजारचे निवृत्त बँकवाले. त्यांनी एका कंपनीचं नाव घेऊन दोन्ही कान पकडले. "माझ्या साडूचा आठ दिवसांत गेला." झालं. साडूचा बोर्ड हा पुराव्याचा असा प्रकार आहे की त्यावर उलटतपासणी चालत नाही. त्या एका बोर्डानं त्या कंपनीचं नाव अक्कलकोटपासून पंढरपूरपर्यंत बद्दू केलंय. साडूनं तो बोर्ड कुठल्या प्लगला लावला होता, प्रोसेसर बसवताना सॉकेटची पिन वाकवली होती का, असलं विचारायचं नसतं. साडूचं दुःख असतं ते.

नीट पाहिलं तर प्रत्येक साक्षीदाराकडं पुरावा एकाच बोर्डाचा. ज्याचा चालतो त्याच्या मते कंपनी देवमाणूस, ज्याचा गेला त्याच्या मते चोर. आणि ज्याचा चालतो तो सहसा बोलतच नाही. बोलतो तो साडू. हार्ड डिस्कच्या बाबतीत निदान बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कांपैकी कुठल्या मॉडेलच्या किती मेल्या त्याचा हिशेब वर्षानुवर्षं लोकांपुढं मांडते. बोर्डांची एवढी मोठी उघडी चोपडी कोणी ठेवत नाही. बोर्ड कशानं गेला हे पाहायला कोणाला वेळही नसतो. "बोर्ड उडाला" म्हटलं की पंचनामा संपला.

मागावरच्या जकार्डचं असं नसतं. सोलापूरच्या चादरीवरचा मोर ज्या जकार्डमुळं उमटतो, ते यंत्र फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास झालं, आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी यंत्राला हुकूम देण्याची त्याची युक्तीच पुढं बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी उचलली. म्हणजे कॉम्प्युटरच्या घराण्यातलं वडीलधारं माणूस आमच्या गावात कधीपासून राबतंय. त्याचं पुठ्ठं फाटलं, सुई अडकली, की मोराची मान तिथंच वाकडी येते. विणकर माग थांबवतो, वर बघतो, पुठ्ठं बदलतो. दोष कुठं आहे ते लहान पोरालाही दिसतं. मदरबोर्डात मोराची मान आत कुठंतरी वाकडी होते आणि बाहेर नुसता काळा पडदा. दिसत नाही तिथं मग साडू दिसायला लागतो.

शेवटी दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं चार खोकी पुढं ठेवली. एकावर ड्रॅगन, एकावर ढाल, एकावर डोळे वटारलेला कुठलासा प्राणी. चारही कंपन्या तैवानच्या : असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक. जगात कुठंही बोर्ड घ्यायला गेलात तरी बहुतेक वेळा याच चौघी समोर येतात. एका खोक्यावर "मिलिटरी ग्रेड" असं ठसठशीत छापलेलं. कोणत्या देशाची मिलिटरी, हे मात्र छापलेलं नव्हतं. सोलापूरकराला मिलिटरीचा धाक घालून उपयोग नाही. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावून पाहिलाय.

"लाइटवाला दाखवू का बिनलाइटचा?" पोरानं विचारलं. लाइटवाल्या बोर्डाच्या कडेनं लाल-हिरवे-निळे दिवे आलटून पालटून पळतात. टेबलाखालच्या पेटीत एवढी रोषणाई कोणासाठी? पालीसाठी?

"यातला भरवशाचा कुठला?" मी विचारलं.

पोरगा हसला. गल्ल्यावरचे मालक वर न बघता म्हणाले, "सर, तुम्ही नाव घ्या, मी त्याची एक वाईट गोष्ट सांगतो. सगळ्यांचेच येतात परत. कुठला येणार ते आल्यावर कळतं."

दुकानदारानं इतकं खरं बोलावं याची मला सवय नव्हती. घरी येऊन मी त्यांचं म्हणणं पडताळून पाहिलं, आणि मालक कमीच बोलले होते असं दिसलं. या धंद्याचा इतिहास म्हणजे खापरांचा इतिहास आहे.

1999 ते 2007 च्या आसपास जगभर कपॅसिटर फुगायची साथ आली होती. आतला पातळ द्राव कच्चा निघाला. कोणीतरी जपानी कंपनीचा फॉर्म्युला पळवला आणि पळवताना अर्धाच पळवला, अशी कथा सांगतात. चोरी करावी तर पुरती करावी. त्या साथीत डेल कंपनीला 2005 साली एका तिमाहीत 30 कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागले. मग हळूहळू घट्ट पॉलिमरचे कपॅसिटर आले आणि फुगायची भानगड बरीचशी मिटली. 31 जानेवारी 2011 ला इंटेलनं कबूल केलं की आपल्या नव्याकोऱ्या 6 सिरीजच्या चिपसेटमध्ये डिस्क जोडायची काही पोर्टं वापरता वापरता कमजोर पडत जातील. निस्तरायचा अंदाजे खर्च 70 कोटी डॉलर. 2021 च्या डिसेंबरात असूसच्या झेड690 हीरो या भारीतल्या बोर्डाच्या काही नगांवर एक कपॅसिटर चक्क उलटा बसवलेला निघाला, आणि बोर्डातून धूर आला. 2023 मध्ये एएमडीच्या नव्या रायझन एक्स3डी प्रोसेसरांपैकी काही बोर्डावरच भाजले. मग व्होल्टेज 1.3 च्या वर जाऊ नये असा बांध बायोसमधून, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममधून, घालावा लागला.

आणि 2024 साल तर आमच्या गल्लीतल्या भांडणासारखंच गेलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर मध्येच आचके द्यायला लागले. इंटेलनं आधी बोट दाखवलं बोर्डवाल्यांकडं, की तुम्ही मर्यादा उठवून ठेवल्यात. बोर्डवाल्यांनी बोट दाखवलं इंटेलकडं. गिऱ्हाइकानं दुकानदाराकडं. जुलैत इंटेलनं सांगितलं की आपलाच मायक्रोकोड चुकून जादा व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तोवर कितीतरी निरपराध बोर्ड बदलून झाले असणार.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. यातला कुठलाही दोष विकत घेतानाच्या दिवशी कोणाला माहीत नव्हता. छापील कौतुक सगळ्यांचं सारखं होतं, आणि महाग बोर्ड त्यातून सुटले नाहीत. उलट, 2011 ला ज्या 6 सिरीजमुळं इंटेलची एवढी शोभा झाली, त्याच घराण्यातले दुरुस्त झालेले एच61 बोर्ड सोलापूरच्या किती झेरॉक्सच्या दुकानांत अजून "आधार कार्डाची प्रिंट" काढतायत. टिकाऊपणाचा दाखला मिळतो तोवर वस्तू बाजारातून गेलेली असते. नवा आणि खात्रीचा, असे दोन्ही गुण एका खोक्यात येत नाहीत. अण्णांचं बरोबर होतं, फक्त दहा-बारा वर्षं उशीर झाला होता.

म्हणून मी पद्धत बदलली. ज्याच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही असा ताजा बोर्ड बाजूला ठेवला. येऊन वर्ष-दोन वर्षं झालेला, ज्याची सगळी पापं उघडी पडलीत, असा शोधायला लागलो. कंपनीच्या साइटवर प्रत्येक बोर्डाखाली बायोस अपडेटची यादी असते. तिच्याइतका प्रामाणिक मजकूर त्या कंपनीनं दुसरीकडं कुठं छापलेला नसतो. "रॅम ओळखत नसल्याची अडचण दूर केली", "झोपेतून उठत नव्हता, आता उठतो." ज्याची यादी लांब, त्याच्याकडं कोणीतरी लक्ष देतंय. ज्याची यादी कोरी, तो एकतर साधू किंवा वाऱ्यावर सोडलेला.

यात सोलापुरी अडचण एवढीच की बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड जागच्या जागी गप होतो. स्क्रीनवर लिहून येतं, "कृपया वीजपुरवठा खंडित करू नका." ही विनंती ते मला करतात! मी कोण खंडित करणारा? पेनड्राइव्ह लावून मेलेला बायोस पुन्हा भरायचं छोटं बटण काही बोर्डांवर पाठीमागं असतं. माझ्या मते या गावात ड्रॅगनपेक्षा त्या बटणाचं चित्र खोक्यावर मोठं छापायला हवं.

इंजिनिअर लोकांचा एक आलेखही आहे. यंत्रं मरतात ती बहुतेक लहानपणी किंवा म्हातारपणी, मधला काळ शांततेचा. आलेखाचा आकार न्हाणीतल्या टबासारखा दिसतो म्हणून त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. चार-पाच दिवसांआड नळ पाहणाऱ्या गावाला टबाचा दाखला देणं बरं नव्हे, पण मुद्दा कामाचा आहे. साडूचा बोर्ड बालमृत्यूत गेला, अण्णांचा टबाच्या सपाट बुडात सुखानं पडलाय. दोघांच्या कंपन्या बदलल्या असत्या तरी कदाचित हेच झालं असतं. यातून घ्यायचं ते एवढंच, की नवा बोर्ड पहिल्या महिन्यात जपून वापरू नये, चांगला ताबडावा. मरायचा असेल तर बिल हरवायच्या आत मेलेला बरा.

वॉरंटी तीन वर्षांची असते. त्यात बसणारा बोर्ड पुण्याला पाठवायचा म्हटलं तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहेच. मेलेल्या बोर्डाला यापेक्षा सन्मानाची गाडी मिळायची नाही. पण तिकडून "जळका डाग आहे, पिन वाकली आहे, वॉरंटी बसत नाही" असं पत्र आलं तर आपण, दुकानदार आणि कंपनी असा तिघांचा खापराचा खेळ सुरू होतो. खरं सांगायचं तर आम्ही इतकी चौकशी करतो ती त्या खेळाची आगाऊ तयारी असते. भाच्यानं सांगितलं म्हणून घेतला, दुकानदारानं गळ्यात मारला, साडूनं आधीच सांगितलं होतं. उद्या बोर्ड गेला तर नाव कोणाचं घ्यायचं, एवढं ठरलं की आम्ही निश्चिंत मनानं पैसे मोजतो.

हे सगळं मी वायरमनला ऐकवत होतो. तो आला होता कूलरचा प्लग बदलायला. त्यानं माझं अर्ध्यावर तोडलं, खिशातला टेस्टर काढून कॉम्प्युटरच्या पेटीच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा मिणमिणला.

"मुंग्या येत्यात का?"

"येतात की. म्हणून तर चप्पल घालून बसतो."

"आन् वहिनी?"

"ती पाय वर घेऊन बसते."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच तो साडू. मग पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला, त्याच्या दोन वायरी सोडवल्या. फेज आणि न्यूट्रलला लावल्यावर बल्ब लख्ख पेटला. न्यूट्रलमधली वायर काढून वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब ढिम्म. पुन्हा काढली, पुन्हा घातली. ढिम्म.

"अर्थिंग कुठाय तुमचं?"

तिसऱ्या भोकातली हिरवी वायर भिंतीत शिरते आणि तिथंच तिचा प्रवास संपतो, असं निष्पन्न झालं. घर बांधणाऱ्यानं ते भोक शोभेसाठी ठेवलं होतं. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडी वीज पत्र्याकडं ढकलत असतो. अर्थिंग असलं तर ती निमूट जमिनीत जाते. नसलं तर पत्र्यावर बसून राहते आणि माणसाच्या बोटांतून वाट काढते. आम्ही त्यावर शोधलेला उपाय म्हणजे रबरी चप्पल. स्पाइक गार्डलाही जादा वीज उतरवायला जमीन लागते. जमीन जोडलेलीच नसेल तर त्याचं निम्मं काम संपलं आणि उरला तो लाल बटणाचा महाग एक्स्टेंशन बोर्ड. एवढी वर्षं आम्ही दर वेळी नवा बोर्ड कुठल्या कंपनीचा हे विचारत आलो. त्याला राहायला घर कसलं देतोय, हे कोणी विचारलं नाही.

आणि त्याचं उत्तर तर सगळ्यांना पाठ होतं! बोर्डाबद्दल खात्रीनं कोणालाच काही माहीत नसतं, सोलापूरबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. एप्रिल-मेमध्ये पारा 43 च्या पुढं जातो, हे माहीत. तूस उडतं, हे माहीत. व्होल्टेज वरखाली होतं, वळवात विजा पडतात, हे माहीत. आता हिशेब बघा. पातळ द्रावाच्या कपॅसिटरवर 105 अंशांना 5000 तास असं आयुष्य दिलेलं असतं, आणि तापमान दहा अंशांनी उतरलं की ते साधारण दुप्पट होतं. 65 अंशांवर राहिला तर 80 हजार तास, म्हणजे अखंड चालून नऊ वर्षं. पंख्यावर तूस चढून तोच 75 वर गेला तर साडेचार. कंपनी बदलून जो फरक पडेल की नाही ते ब्रह्मदेवाला ठाऊक, तेवढा एका रंगाच्या ब्रशनं पडतो. पण "कुठला ब्रश घेतलात?" असं चहाच्या गाड्यावर कोणी विचारत नाही.

मग लाइटवाल्या बोर्डाचे वाचलेले पैसे मी अंगणात पुरले. काळ्या मातीत खड्डा घेतला, तांब्याची पट्टी उतरवली, भोवती मिठाचे आणि कोळशाचे थर दिले, वर पाणी ओतायला नरसाळ्याचा पाइप. काम झाल्यावर वायरमननं बल्ब लावून दाखवला. फेज आणि तिसऱ्या भोकात तो आता लख्ख पेटत होता. जाता जाता म्हणाला, "उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घालत जावा. माती वाळली की अर्थिंग गेलं."

घरात शांतता पसरली. नळ चार दिवसांआड, त्यात कूलर, तुळस, आणि आता हा खड्डा.

"अहो, जमिनीला पाणी घालून कॉम्प्युटर चालतो होय?" बायकोनं विचारलं.

वाटाघाटी होऊन डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी खड्ड्याच्या वाट्याला आलं. आमचा कॉम्प्युटर सध्या वरणभातावर चालतो म्हणायला हरकत नाही. इंटरनेटची तांब्याची केबल काढून फायबर घेतलं. काचेतून वीज येत नाही, त्यामुळं वळवात आता कपड्यांना स्पर्धक उरला नाही. पेटी जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवली. खंडेनवमीचं हळदकुंकू मॉनिटरच्या पायाला लागेल, पंख्याच्या जाळीला लागणार नाही, असं घरात ठरलंय. बोर्ड घेतला तो बिनलाइटचा, मधल्या किमतीचा, पापांची यादी पुरेशी लांब असलेला, पाठीमागं ते बटण असलेला. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर एवढं सगळं वाचून तुमच्या लक्षात तेवढंच राहील.

ही भीती वाया गेली नाही. बोर्ड बसवल्याची बातमी लागताच बँकवाले काका आले. मी त्यांना खड्डा दाखवला, बल्ब लावून दाखवला, तुसाचा हिशेब सांगितला. त्यांनी सगळं सौजन्यानं ऐकलं आणि म्हणाले, "ते राहू द्या. कंपनी कुठली?" अण्णांनी फोन करून तेच विचारलं. भाच्यानं फेज विचारल्या.

परवा माउस घ्यायला त्याच दुकानात गेलो होतो. काउंटरवर एक जोडपं तीच चार खोकी पुढ्यात घेऊन बसलं होतं. "यातला भरवशाचा कुठला?" नवऱ्यानं विचारलं. मालकांनी माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "हे काका बघा. लेखक आहेत. लई अभ्यास करून हाच घेऊन गेले. आजपर्यंत एक कंप्लेंट नाही." माझ्या बोर्डाचा बालमृत्यूचा काळ अजून संपलेला नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी बिल फाडलं होतं.